भंडारदऱ्याचं पाणी, काठावरून

शुक्रवार

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, अमावास्या तोंडावर आलेली आणि मुलांच्या शाळा उघडायला अजून अवकाश. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या आणि आम्ही पुण्याहून भंडारदऱ्याला निघालो. मुलांना काजवे बघायचे होते. मला आणि नवऱ्याला तळ्याकाठी तंबू टाकून दिवसभर काहीही न करता बसायचं होतं. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, कारण या दोन्हींपेक्षा मोठं होतं. त्यांचं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. वडिलांचा ऊस प्रवरेच्या डाव्या कालव्यावरचा. ‘भंडारदऱ्याचं पाणी सुटलं’ अशी खबर आली की सगळं घर कामाला लागायचं. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणसं दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी फिरवायला, शेतात जायची, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला आग्रहानं चहा पाजला जायचा, चारीत, म्हणजे कालव्याच्या फाट्यात, पोरं डुंबायची. ते पाणी निघतं कुठून, हे मात्र सत्तरी ओलांडली तरी आईंनी कधी पाहिलं नव्हतं.

उजाडायच्या आत निघालो, त्यामुळे चाकण मोकळं मिळालं. आळेफाट्याला मासवडी-रस्सा आणि बाजरीची भाकरी खाऊन पुढे बोट्याला नाशिक महामार्ग सोडला आणि डावीकडे ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याला लागलो. संगमनेर-अकोले हा रस्ता जास्त सरळ आणि रुंद आहे, पण मला हा आवडतो. कोतूळला मुळा ओलांडली की डोंगर हळूहळू दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. खाचरांत भाजलेल्या राबाचे काळे चौकोन दिसत होते. पालापाचोळा, शेणकूट, गवत अंथरून जाळलेली ती जमीन आता भाताच्या रोपांची वाट बघत होती. दुपारच्या आत राजूर. पेट्रोल इथेच भरून घ्यावं आणि रोख पैसेही इथेच काढावेत. पुढे दोन्हींचा भरवसा धरू नये.

शेंडी हे धरणाच्या भिंतीजवळचं गाव. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली. तळ्याभोवतीचा हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 सालचं हे अभयारण्य सुमारे 361 चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. नाक्यावरच्या माणसानं गाडीत स्पीकर आहे का ते विचारलं, दारूची बाटली आहे का तेही विचारलं. मला त्याचं बरं वाटलं. जंगलात शिरताना हे प्रश्न विचारले जायलाच हवेत.

आमचे तंबू तळ्याच्या उत्तर काठावर, मुरशेतच्या अलीकडे होते. जमीन गावातल्या एका कुटुंबाची. उन्हाळ्यात ते काठावर तंबू लावतात, पाऊस सुरू झाला की सगळं गुंडाळून भातलावणीला लागतात. दादा आणि त्यांची बायको, जिला सगळे मावशी म्हणतात, दोघं मिळून सगळं बघतात. गाडी वर रस्त्यालगत लावायची आणि सामान घेऊन पायवाटेनं खाली उतरायचं. आईंना उतार जमेल का ही माझी काळजी होती, पण दादांनी हात दिला आणि त्या सावकाश, न थांबता उतरल्या.

मेअखेरीचा जलाशय पावसाळ्यातल्या फोटोंपेक्षा फार वेगळा दिसतो. पाणी बरंच खाली गेलेलं असतं. झाडं जिथे संपतात तिथून पाण्यापर्यंत तांबूस मातीचा आणि दगडगोट्यांचा मोठा उघडा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर पाणी टप्प्याटप्प्यानं उतरत गेल्याच्या रेघा, एकीखाली एक. समोर नैर्ऋत्येला रतनगड आणि त्याच्या शेजारी ताठ उभा खुटा नावाचा सुळका. उजव्या अंगाला घाटघरकडे अलंग, मदन, कुलंगची रांग. पाठीमागे कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. डावीकडे दूर धरणाची भिंत.

आई कुणाशी न बोलता थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. चपला काढल्या, वाकून ओंजळ भरली आणि डोळ्यांना लावली. मग दादांकडे वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हे भरलं की कुठपर्यंत येतं?” दादांनी आमच्या तंबूंच्याही वरचं एक उंबराचं झाड दाखवलं. “त्याच्या बुडाशी. बहुतेक वर्षी पंधरा ऑगस्टच्या आसपास.” आई बराच वेळ त्या झाडाकडे आणि मग पाण्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी वारा उठला. तळ्याकाठी तंबू टाकणाऱ्यांनी या वाऱ्याचा विचार आधी करावा. दिवसभर तापलेले डोंगर आणि मध्ये गार पाणी, त्यामुळे सूर्य कलला की वारा पाण्यावरून सरळ काठावर येतो आणि तंबूचं कापड फडफडायला लागतं. दादांनी खुंट्या पुन्हा ठोकून, दोऱ्यांना दगडांची ओझी लावून दिली. रात्री पिठलं, नागलीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भात. नऊनंतर दादांनी तंबूंवरच्या बल्बांची माळ बंद केली. शेजारच्या तंबूतल्या एका मुलानं “लाइट गेली का?” असं विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, “गेली नाही, घालवली. आता वर बघा.” पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलांनी इतकं आकाश पहिल्यांदाच पाहिलं. सप्तर्षी सापडले, त्यांच्या शेपटीचा बाक धरून स्वाती सापडली. धाकटा त्यावर बोलता बोलता माझ्या मांडीवर झोपला.

शनिवार

हाच तो दिवस, ज्यासाठी आलो होतो. मी मुद्दाम काहीही ठरवलं नव्हतं. भंडारदऱ्याला येणारी बहुतेक मंडळी यादी घेऊन येतात: कळसूबाई, सांदण दरी, रतनगड, कोकणकडा, दोन दिवसांत सगळं. तरुण असताना मीही तसं केलं आहे आणि त्यात आनंद आहेच. पण मुलं लहान आणि सोबत घरातलं मोठं माणूस असताना एका जागी बसण्याची सहल मला जास्त मोलाची वाटते. सांदण दरी काही आजी आणि लहान मुलांना घेऊन करायची जागा नव्हे. तळ्याचा काठ मात्र सगळ्यांचा असतो.

पावशानं उठवलं. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ हे ओरडणं पहाटे सुरू होतं आणि प्रत्येक वेळी एकेक सूर चढत जातं. या भागात तो आत्ता ओरडायला लागला म्हणजे शेतकरी आभाळाकडे बघू लागतात. तंबूबाहेर आले तर आई आधीच उठून चुलीपाशी बसलेल्या, हातात चहाचा पेला. पाणी अगदी स्थिर होतं आणि रतनगड त्यात उलटा दिसत होता. काठावर टिटवी फिरत होती, एका वाळक्या बुंध्यावर पाणकावळा पंख पसरून बसलेला. थोरलीनं वहीत पक्ष्यांची नावं लिहायला घेतली. खंड्या, बगळा, घार, बुलबुल, कोतवाल. तिला नाव माहीत नसेल तर ती दादांना विचारायची आणि दादा त्यांच्याकडचं नाव सांगायचे. तिनं दोन्ही लिहिली.

पोह्यांनंतर पाण्यावर गेलो. इथे दादा कडक होते आणि मला ते पटलं. घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, मोठ्यांनीही नाही. धरणाचा काठ नदीच्या वाळवंटासारखा हळूहळू खोल होत नाही. दिसायला सपाट, पण पायाखालचा गाळ कुठे संपेल आणि उतार कुठे सुरू होईल याचा नेम नाही. जिथे पूर्वी खाचरांचे बांध आणि ओढे होते तिथे पाण्याखाली पायऱ्या आणि घळी आहेत. पट्टीचे पोहणारेही अशा पाण्यात फसतात. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच. मुलांनी घोटाभर पाण्यातच चांगले दोन तास काढले. चपटे दगड शोधून पाण्यावर भाकऱ्या काढल्या. धाकट्यानं गाळात एक धरण बांधलं, त्याला दार ठेवलं आणि आजीला विचारून विचारून त्याचे दोन कालवे काढले, एक डावा, एक उजवा. आईंनी काठीनं रेघ ओढून त्याला दाखवलं की ओझरच्या बंधाऱ्याला पाणी अडतं, तिथून दोन्ही कालवे फुटतात आणि डाव्यावर आमचं गाव. नातवाला भूगोल कळला की नाही माहीत नाही, पण त्यानं कालव्याच्या टोकाला एक काडी रोवली आणि तिला ऊस म्हणाला.

नऊ-दहानंतर तंबूत बसवत नाही. ऊन कापडातून आत उतरतं आणि आतली हवा कोंडते. सगळा मुक्काम मग वर जांभळाच्या झाडाखाली हलला. घोंगडी अंथरली, पाण्याचा माठ सावलीत आणून ठेवला. गावातली दोन मुलं पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन आली, काळीभोर, टोकाशी चीक सुकलेली. शिवाय तोरणं होती, पांढरी, पिठूळ गोड. शहरातल्या मुलांना तोरणं माहीतच नसतात. आईंनी ती ओळखली नाहीत, त्यांचा मुलूख सपाट, काळ्या मातीचा. पण खाऊन बघितली आणि आणखी एक द्रोण घेतला.

दुपारच्या जेवणाला मावशी हुलग्याची शेंगोळी करणार होत्या. हे ऐकल्यावर आई उठल्याच. नगर जिल्ह्यातल्या माणसाला शेंगोळी म्हटल्यावर बसून राहणं शक्य नसतं. हुलग्याचं पीठ, त्यात लसूण, मिरची, जिरं वाटून, घट्ट मळायचं. मग परातीच्या उपड्या बुडावर किंवा दोन तळव्यांत लांब वळायचं आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. तेच पीठ थोडं पाण्यात कालवून वरून लावलं की रस्सा दाट होतो. मावशी आणि आई समोरासमोर बसून वळत होत्या, मी लसूण सोलत होते. जिल्हा एकच, आता त्याचं नाव अहिल्यानगर, पण या दोघींच्या गावांमध्ये अख्खी प्रवरा आहे.

मावशींनी विचारलं, “तुमच्याकडं हेच पाणी येतं व्हय, आज्जी?”

“हो. यावरच वाढलो आम्ही. ऊस यावर, घर यावर, आम्हा भावंडांची शिक्षणं यावर.”

मावशींनी पिठाचा हात पाण्याच्या मधोमध कुठेतरी दाखवला. “आमच्या आजेसासऱ्यांची भाताची खाचरं तिथं होती. सासूबाई सांगायच्या, पाणी लईच खाली गेलं की बांध दिसायचे.”

आईंचे हात थांबले. “मोबदला दिला होता का तेव्हा?”

“तवाचं आता कोणाला ठावं. वर सरकले, दगड काढून नवी खाचरं केली.”

मग त्या वरच्या वाडीबद्दल सांगत राहिल्या. चैत्र-वैशाखात विहीर आटते, बायका हंडे घेऊन उतारानं खाली येतात आणि भरलेले हंडे घेऊन पुन्हा चढ चढतात. समोर एवढं पाणी पसरलेलं असताना. आईंनी यावर काही उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच. त्यांनी राहिलेलं पीठ स्वतःकडे ओढून घेतलं आणि मावशींना म्हणाल्या, “तुम्ही बसा जरा, वळते मी.”

त्या दोघींमधलं हे बोलणं मला या सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भंडारदऱ्याची माहिती देताना नेहमी आकडे सांगितले जातात, आणि ते आकडे खरेच मोठे आहेत. 1910 साली काम सुरू झालं, 1926 साली मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. दगडी बांधकामाची भिंत, उंची जवळपास 82 मीटर, साठवण 11,039 दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीत अकरा टीएमसी (अब्ज घनफूट). 1969 साली भिंतीला तडे गेले आणि नंतर मागून टेकू देऊन ती बळकट करावी लागली. या पाण्यानं खालचे तालुके उभे केले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना काढला, तो याच पाण्यावर पिकलेल्या उसाच्या बळावर. हे सगळं अभिमानानं सांगण्यासारखं आहे आणि आई ते सांगतातही. पण याच गोष्टीत वरच्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची पाण्याखाली गेलेली खाचरंही आली पाहिजेत. तळ्याकाठी सहलीला येणाऱ्यांनी निदान एवढं विचारावं की आपला तंबू ज्यांच्या जमिनीवर उभा आहे त्यांच्या घरी पाणी कुठून येतं.

ज्या जलाशयाला लोक अजून आर्थर लेक म्हणतात, त्याला आता आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. हे योग्यच झालं. राघोजी याच तालुक्यातल्या देवगावचे. सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध त्यांनी उठाव केला आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. थोरलीला पाठ्यपुस्तकात हे नाव भेटलं नव्हतं. दादांनी तिला राघोजींच्या हकिकती ज्या आवेशात सांगितल्या, त्या ती आता विसरणार नाही.

शेंगोळी, इंद्रायणीचा भात आणि कच्चा कांदा जेवून सगळे आडवे झाले. दुपार अशीच गेली. नवरा झोपला, मुलांनी चिंचोके फेकत खेळ मांडला, मी झाडाला टेकून पाण्याकडे बघत राहिले. पाण्याचा रंग दुपारभर बदलत होता. ढग आला की राखाडी, गेला की हिरवा, वारा सुटला की नुसती चमक.

चारच्या सुमारास घाटघरच्या बाजूनं आभाळ भरून आलं. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस तिकडे, घाटघर-रतनवाडीच्या कड्यांवर पडतो. कोकणातून चढून आलेले ढग तिथे पहिल्यांदा अडतात. गडगडलं, मोठाले थेंब पडले, मातीचा वास आला आणि दहा मिनिटांत सगळं थांबलं. वळीवच तो. दादा खूश झाले. “आता रात्री बघा,” म्हणाले. काजव्यांना दमट, वारा नसलेली, चंद्र नसलेली रात्र लागते.

काजव्यांबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस कोसळायच्या आधी, तळ्याभोवतीच्या गावांत त्यांचा हंगाम असतो. शनिवार-रविवारी शेकडो गाड्या येतात. अंधारात काजवे बघायला निघालेली माणसं हेडलाइट लावून, मोबाइलचे फ्लॅश मारत फिरतात आणि मग काजवे कमी झाले म्हणतात. काजव्याचा प्रकाश हा त्याचा निरोप असतो. नर उडता उडता ठरावीक तालावर चमकतो, मादी खाली गवतात किंवा पानावर बसून त्याला उत्तर देते. आजूबाजूला झगझगीत उजेड असेल तर हा निरोप पोहोचतच नाही. अळी असताना ही मंडळी ओल्या मातीत, पाल्याखाली महिनोन्‌महिने काढतात, गोगलगायी खाऊन वाढतात आणि पंख फुटल्यावर त्यांच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. त्या दोन-तीन आठवड्यांत आपण गाडी घेऊन त्यांच्या अंगणात शिरतो, गवत तुडवतो, ज्यात त्यांच्या माद्या बसलेल्या असतात. म्हणून आम्ही रात्री गाडीला हात लावला नाही.

जेवणं लवकर उरकली. दादांनी सगळ्यांचे मोबाइल खिशात ठेवायला लावले. एकच बॅटरी, तिच्यावर लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला, तीही जमिनीकडे धरलेली. तंबूंच्या वर, खाचरांच्या बांधावरून थोडं चाललं की सादड्याची आणि हिरड्याची जुनी झाडं आहेत. पायवाटेवरच थांबायचं, गवतात पाय टाकायचा नाही. सुरुवातीला इकडे एक, तिकडे दोन. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग अचानक एक अख्खं सादड्याचं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजळलं आणि विझलं. पुन्हा उजळलं. फांद्यांमागून फांद्यांवर ती लाट धावत होती, शेजारचं झाड अर्ध्या क्षणानं तिला साथ देत होतं. हजारो काजवे एका लयीत. कुणी काही बोललं नाही. मग धाकट्यानं कुजबुजत विचारलं, “त्यांना चटका नाही बसत?”

नाही बसत. त्यांच्या पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून निघणारी जवळजवळ सगळी ऊर्जा उजेडात जाते, उष्णता नावालाच. नवऱ्यानं त्याला हे हळू आवाजात समजावलं. आई एका दगडावर बसल्या होत्या. एक काजवा त्यांच्या पदरावर येऊन बसला, दोन-तीनदा चमकला आणि उडाला. त्या म्हणाल्या, आमच्या उसाच्या बांधावर असायचे पूर्वी, इतके नाही, पण असायचे. आता नसतात. मग थोड्या वेळानं: “फवारे आले तसे गेले.”

दूर, पलीकडच्या काठावरच्या रस्त्यावरून गाड्यांच्या दिव्यांची ओळ सरकत होती. आमच्या झाडांपाशी मात्र आम्ही आणि अंधार. तासाभरानं मुलांचे पाय दुखायला लागले म्हणून परत फिरलो, नाहीतर मी तिथून हलले नसते.

रविवार

सकाळी तंबू सोडले. मावशींनी निघताना आईंच्या हातात काळभाताच्या तांदळाची पिशवी ठेवली. अकोले तालुक्यातला हा जुना, सुवासिक वाण. पद्मश्री राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे गाव याच तालुक्यातलं, आणि घरचं बियाणं जपण्याचा वसा इथे अनेक घरांत आहे. आईंनी पैसे देऊ केले, मावशींनी घेतले नाहीत. आईंनी मग स्वतःच्या पिशवीतून नव्या लुगड्याची घडी काढली. ती त्यांनी भाचीसाठी घेतली होती हे मला माहीत होतं.

आम्ही आलो त्या वाटेनं परत न जाता तळ्याला वळसा घातला. पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद. रस्ता अरुंद, कुठे कुठे खडबडीत, पण घाई नसेल तर सुंदर. घाटघरला कड्यावर धुकं होतं, खाली कोकण दिसलं नाही. रतनवाडीच्या अलीकडे झाडीत शेकरू दिसला. लांब झुबकेदार शेपूट, तांबूस पाठ; महाराष्ट्राचा राज्यप्राणी. थोरलीच्या वहीत त्याला स्वतंत्र पान मिळालं.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर रतनगडाच्या पायथ्याशी आहे. ते शिलाहारांच्या झंज राजानं बांधलं असं सांगतात. आत्ता उन्हाळ्यात गाभारा कोरडा होता. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं आणि पिंडी पाण्यात असते. खांबांवरचं कोरीवकाम बारीक आणि दाट आहे, बोट लावू नये पण डोळे लावावेत. मंदिरापेक्षाही मी जवळच्या पुष्करणीत जास्त वेळ काढला. चौकोनी कुंड, उतरत्या पायऱ्या, चहूबाजूंना देवकोष्ठं आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती. प्रवरा याच डोंगरात, रतनगडावर उगम पावते. पुजाऱ्यांनी हे सांगितल्यावर आईंनी रतनगडाच्या दिशेनंही हात जोडले.

मुतखेलमार्गे शेंडीला येऊन धरणाची भिंत बघितली. भिंतीखालचा अंब्रेला धबधबा पावसाळ्यातला, रंधा धबधबाही तेव्हाचाच, त्यामुळे तिथे वेळ घालवला नाही. राजूरला पेढे घेतले. राजूरचे पेढे खव्याच्या भरपूर भाजणीचे, रवाळ, कमी गोड. घरी पोहोचेपर्यंत खोका अर्धा झाला.

परतताना अकोले-संगमनेर रस्ता धरला, कारण आईंना नदीच्या बाजूनं जायचं होतं. वाटेत निळवंडे धरण लागतं. भंडारदऱ्यातून सोडलेलं पाणी आता आधी इथे येतं; साठवण आठ टीएमसीच्या थोडी वर, आणि त्याच्या डाव्या कालव्याचं उद्घाटन ऑक्टोबर 2023 मध्ये झालं. कितीतरी वर्षं रखडलेलं काम. अकोल्यात अगस्ती ऋषींच्या मंदिरापाशी प्रवरेकाठी थांबलो, दशम्या सोडल्या.

तिथून आईंनी श्रीरामपूरला त्यांच्या भावाला फोन लावला. मामा ऐंशीच्या घरातले, अजून शेतावर जातात. आईंनी काजव्यांचं सांगितलं, देवळाचं सांगितलं, मावशींच्या पाण्याखालच्या खाचरांचंही सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाणी किती राहिलंय?” आईंनी उंबराच्या झाडापासून पाण्यापर्यंतचं अंतर पावलांत सांगितलं. ते त्यांनी शनिवारी संध्याकाळी मोजून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पलीकडे मामा थोडा वेळ हिशेब करत असावेत. मग म्हणाले, उन्हाळी आवर्तन चालू आहे, आमची पाळी परवा आहे, ऊस भिजेल. आणि त्या खाचरांबद्दल: “आपल्याला कधी कुणी सांगितलंच नाही गं हे.”

दिवाळीनंतर मुलांना घेऊन या म्हणाले, ओझरचा बंधारा दाखवतो, तिथून कालव्याच्या कडेकडेनं आपल्या चारीपर्यंत येऊ. थोरलीनं लगेच वही काढली आणि मधल्या गावांची नावं विचारून घेतली.